पिवळ्या पाटीवरचे तीन नियम

१

मंगळी आणि तिची सासू मोगराबाई, दोघींची प्रेतं उचलून अंगणात आणली तेव्हा कुणाच्या तरी पायाला मेलेली कोंबडी लागली. मग दुसरी दिसली, चुलीमागच्या कुडाशी. तिच्या चोचीत भाकरीचा तुकडा तसाच होता.

तोपर्यंत आंबाफळीचे लोक पटकी आली असंच धरून चालले होते. उन्हाळा वाईट होता. नवापूरकडच्या त्या डोंगरपट्टीत घरोघरी मोहाची फुलं उकडून खात होते, झऱ्यांचं पाणी गढूळ झालं होतं. दोघींना उलट्या झाल्या, पोटात आगडोंब उसळला आणि उजाडताना दोघी गेल्या. पण पटकीनं कोंबड्या मरत नाहीत.

पोलीस पाटलानं नवापूरला माणूस पाठवला. फौजदार आला, त्यानं झोपडीची झडती घेतली. वाशात खोचलेली कागदाची पुडी निघाली. आत सोमल होता, उंदीर मारायचं विष.

घरात तिघं राहत. त्यातला एकच जिवंत होता, मंगळीचा नवरा रेंग्या. नवापूर स्टेशनात सागाचे ओंडके डब्यात चढवायच्या कामावर तो जाई. आदल्या संध्याकाळी तो घरी आला होता, पण त्यानं घरची भाकरी खाल्ली नव्हती.

"कसाले नही खाधी तू?" फौजदारानं विचारलं.

"टेसनवर खाई लिधं व्हतं, साहेब."

गर्दीतून मंगळीचा बाप पुढे आला. सुरुपसिंग. उंच, हाडकुळा, गावात ज्याच्या शब्दाला वजन होतं असा माणूस. त्यानं जावयाकडे बोट केलं.

"यानंच मारं मन्ही पोरले. उपाशी बाईसनी कटकट नको व्हती याले."

रेंग्यानं सासऱ्याकडे पाहिलं. फौजदारानं त्याच्या हाताला दोर बांधला तेव्हा त्याची आई आणि बायको अजून अंगणातच होत्या.

२

नंदुरबारच्या कोर्टात करणसिंग गिरासे वकिली करत. मूळचे रनाळ्याचे. पन्नाशी उलटलेली, बोलणं थोडं, आणि समोरचा बोलत असताना त्याच्या चेहऱ्यापेक्षा हातांकडे बघायची सवय. आंबाफळीचा पौलस गाडीनं नंदुरबारला आला आणि त्यांच्या बैठकीत बसला, तेव्हा तो आपली टोपी दोन्ही हातांनी पिळत होता.

पौलस मिशनच्या शाळेत शिकलेला ख्रिस्ती शेतकरी. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यानंच करणसिंगांना गावात नेलं होतं. गावानं मिळून बियाण्याची कोठी बांधली होती. त्याआधी पेरणीला बी हवं असलं की नवापूरच्या रतिलाल व्यापाऱ्याकडे जावं लागे, आणि त्याला पीक आल्यावर दीडपट मोजावं लागे. आता प्रत्येक घर सुगीत आपल्या वाट्याचं बी कोठीत ठेवी. प्रत्येकाची वेगळी कणगी, कणगीवर गेरूची वेगळी खूण. किल्ल्या दोन. एक पौलसकडे, एक सुरुपसिंगकडे.

कोठीच्या दाराशी एक पाटी होती. पौलसनं ती पिवळ्या रंगात लिहिली होती, म्हणून लोक तिला सोन्याची पाटी म्हणत. तिच्यावर तीनच नियम होते. पहिला: बियाणं हे मुद्दल आहे, पेरणीखेरीज त्याला हात लावू नये. दुसरा पौलसच्या आग्रहाचा: शेजाऱ्यानं आपल्यासाठी जे करावं असं वाटतं, ते आपण त्याच्यासाठी करावं. तिसरा करणसिंगांनी घालायला लावला होता: नियमाचे शब्द सरळ वाचावेत, पण सरळ वाचून अनर्थ होत असेल तर सर्वांनी बसून विचार करावा.

"रेंग्याचं वकीलपत्र घ्या, साहेब," पौलस म्हणाला. "तो फाशी जाईल."

"घरात सोमल सापडला. एकटा तोच वाचला. सासरा त्याच्याविरुद्ध साक्ष देतोय. त्यानं मारलं नाही कशावरून?"

"मला माहीत आहे."

"कसं माहीत?"

पौलसनं टोपी आणखी पिळली. "तेवढं विचारू नका."

करणसिंग त्याच्या हातांकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी कोट चढवला.

३

नवापूरच्या कोठडीत रेंग्या भिंतीला टेकून बसला होता. मारहाण झाल्याचं दिसत होतं. त्यानं बाजारात बोलतात त्या अहिराणीत, थांबत थांबत सांगितलं.

"घरमा दाणा नव्हता. मी घर उनू तर भाकरीना वास उना. मी मंगळीले विचारं, ज्वारी कोठून उनी? ती हासनी. म्हणे, भेटनी."

"कोणी दिधी, ते नही सांगं?"

"नही. तिनी सांगं, देनारा बोलना, कोणले सांगू नको. दादा, मन्ही वाटानी भाकरी तिनी झाकी ठेयेल व्हती. मन्हं पोट भरेल व्हतं म्हणून मी बोलनू, सकायले खासू."

करणसिंगांनी आणखी काही विचारलं नाही. ते आंबाफळीला गेले. फौजदारही बरोबर होता. ही उठाठेव त्याला पसंत नव्हती, पण वकिलाला नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

झोपडी होती तशीच होती. करणसिंगांनी आधी सोमलाची पुडी मागितली. पुडीला सुती दोऱ्याची गाठ होती, दोरा दुहेरी गुंडाळलेला, टोकं आत दाबलेली. धुरानं काळी पडलेली.

"ही तुम्ही सोडली होती?"

"कोपऱ्यातून फाडून पाहिली. गाठ सोडली नाही."

"तुमच्या आधीही कोणी सोडली नाही. गाठीवरचा धूर बघा. ही पुडी वाशात ठेवल्यापासून उघडलीच नव्हती."

करणसिंग जात्यापाशी बसले. शेजारी सूप पडलं होतं. सुपाच्या कडेला, बुरडानं विणलेल्या काड्यांच्या फटीत काहीतरी राखाडी अडकलं होतं. त्यांनी ते बोटावर घेतलं. राख होती. राखेबरोबर निंबाची वाळकी पानं.

"खायच्या ज्वारीत राख घालतात का, फौजदारसाहेब?"

"नाही. कीड लागू नये म्हणून बियाण्यात घालतात."

"म्हणजे या बाया बियाणं पाखडत होत्या," करणसिंग म्हणाले. "आणि या गावात उन्हाळ्यात बियाणं एकाच जागी असतं."

४

कोठीकडे जाण्याआधी करणसिंग नवापूरला परतले आणि रतिलालच्या दुकानात शिरले. रतिलालनं गादीवर जागा करून दिली. कोठी झाल्यापासून त्याचा बियाण्याचा धंदा बसला होता, हे सगळा बाजार जाणून होता.

"सोमल? हो, विकतो ने साहेब. उंदरांसाठी," तो म्हणाला. "हे बघा, अशी पुडी." त्यानं पुडी बांधून दाखवली. दुहेरी दोरा, टोकं आत.

"आंबाफळीत कोणी कोणी नेला?"

"मोगराबाई दिवाळीत घेऊन गेली. पौलसनं नेला, मिशनच्या गोदामासाठी. सुरुपसिंगनं नेला, म्हणे कोठीत उंदीर फार. सगळेच नेतात." त्यानं हात जोडले. "साहेब, माझ्यावर वहीम घेऊ नका. कोठीचा मला राग आहे, खोटं नाही बोलत. पण पाटीवरचा पहिला नियम कोणाचा? माझा. पौलस मला विचारायला आला होता, शेठ, तुमच्या धंद्यातली एक सोन्यासारखी गोष्ट सांगा. मी सांगितलं, मुद्दल खाऊ नका. माझ्या बापानं मला एवढंच शिकवलं. जो मुद्दल खातो तो पुढच्या साली उभा राहत नाही."

"आणि जो पुढच्या सालापर्यंत जगतच नाही?"

रतिलाल थोडा वेळ तराजूच्या पारड्याशी चाळा करत बसला. "त्याचा हिशेब मला येत नाही, साहेब."

बाहेर पौलस उभा होता. करणसिंगांनी त्याला बाजूला नेलं आणि रुमालात बांधून आणलेली सुपातली राख दाखवली.

पौलसचा चेहरा उतरला. तो तिथेच, बैलगाड्यांच्या मध्ये, जमिनीवर बसला.

"मी दिली, साहेब. मंगळी माझ्याकडे आली होती. तीन घरं उपाशी होती, त्यातल्या दोघांना मी आधीच दिलं होतं. मंगळीला पहाटे बोलावून ओंजळी ओंजळी भरून दिली. म्हटलं, कोणाला सांगू नको. मीच तिच्या जागी असतो तर मला कोणीतरी द्यावं असं वाटलं असतं. एवढंच धरून मी दिलं."

"मग फौजदाराला का सांगितलं नाहीस?"

"वाटलं, कोठीच्या दाण्यात विष असेल कसं? आधीच्या दोन घरांना काही झालं नाही. पोट दुखलं नाही कोणाचं. मी स्वतःला म्हणत राहिलो, दुसऱ्या कशानं झालं असेल. तसंच म्हणत राहिलो."

"बैठक का बोलावली नाहीस? तिसरा नियम त्यासाठीच होता."

"सुरुपसिंग बैठक होऊ देत नव्हता. म्हणायचा, एकदा दार उघडलं की बंद होणार नाही."

करणसिंग त्याच्यासमोर उकिडवे बसले. "नीट आठव. आधीच्या दोघांना कुठल्या कणगीतलं दिलंस?"

"आतल्या. माझ्या स्वतःच्या."

"आणि मंगळीला?"

पौलसनं वर पाहिलं. "दारातलीच. माझी कणगी आत होती, तिच्यापुढे दुसरी आडवी आलेली. अंधार होता. मी म्हटलं, हिच्यातून घेतो, सुगीत माझ्यातलं परत घालीन."

"ती दारात आधीपासून होती?"

"नाही," पौलस म्हणाला. "आधीच्या खेपेला दारात काहीच नव्हतं."

५

कोठी उघडली तेव्हा सुरुपसिंग किल्ली घेऊन स्वतः हजर होता. मुलीच्या सुतकात त्यानं डोकं भादरलं होतं. डोळे कोरडे होते.

आत निंबाचा आणि जुन्या धान्याचा वास होता. कणग्या माणसाच्या छातीएवढ्या उंच, रांगेत. दाराशीच एक होती. करणसिंगांनी आत वाकून पाहिलं. रिकामी. आतून शेणानं सारवलेली, आणि ते सारवण ताजं होतं.

"ही कोणाची?"

"मन्ही," सुरुपसिंग म्हणाला. "चोरसनी रिकामी करी टाकी. म्हणून सारवी ठेयी, पुढला सालसाठी."

"चोरीनी वर्दी दिधी व्हती का?"

"दाणासनी कसानी वर्दी? मन्ही पोर गयी, भाऊ. मी दाणा मोजत बसू?"

उत्तर पटण्यासारखं होतं. फौजदारानं मान हलवली. करणसिंग मात्र कोठीच्या मागच्या कोपऱ्यात गेले. तिथे जमिनीवर एक गोल डाग होता, आजूबाजूच्या सारवणापेक्षा गडद. अनेक महिने तिथे काहीतरी जड उभं होतं.

"आठे काय व्हतं?"

"मन्हीच कणगी. उंदीर व्हतात कोपरामा. म्हणून दारले आणी."

"एकलानी?"

"फिरावत फिरावत."

"सोमल बी लिधा व्हता तू. रतिलालनं सांगं."

"उंदीरसनाकरता. कणिकना गोया करी कोपरामा ठेयात." त्यानं वकिलाच्या डोळ्याला डोळा दिला. "भाऊ, तू मन्हावर वहीम लई ऱ्हायना का? मन्ही एकच पोर व्हती."

करणसिंगांना या माणसाची गोष्ट ठाऊक होती. सुरुपसिंग पोरगा होता तेव्हा मोठा दुष्काळ पडला होता. त्याच्या बापानं बी दळून खाल्लं. पाऊस झाला, पण पेरायला काही नव्हतं. ते घर मजुरीला खाली गुजरातेत उतरलं आणि सुरुपसिंग एकटा परत आला. कोठीसाठी दगड त्यानं डोक्यावरून वाहिले होते.

अशा माणसाकडे बघून करणसिंगांना पुढचा प्रश्न विचारवेना. ते बाहेर आले. दाराशी पाटी होती. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि मग फौजदाराला म्हणाले, "सुरुपसिंगच्या बायकोला भेटायचंय. तो नसताना."

६

सोमीबाई झऱ्यावर भेटली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती घडा भरत होती. करणसिंग लांब, दगडावर बसले.

"माय, एकच इचारनं शे. मंगळीना निरोप उना तव्हय तुम्ही दोन्ही घरमा व्हतात?"

"व्हतात."

"संगेच गयात का?"

घडा भरला होता, पण तिनं तो उचलला नाही. "मी पळनू. ते बोलनात, तू पुढे व्हय, मी येस. पोरले अंगणमा आणं तव्हय उनात. मी तोंडवर पाणी टाकी ऱ्हायनू व्हतू तिन्हा."

"ते इतला टाइम कोठे व्हतात?"

"गोठामा व्हतीन. कोपरपर्यंत शेण व्हतं हातले. तशाच हातसनी ते पोरले हात लावाले गयात, मी बोलनू, धुवा पहिले."

"तुमना गोठामा ढोरं शेत?"

सोमीबाईनं मान वर केली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, जसं एखाद्याला दूरून येणारा आवाज ओळखू येतो तसा.

"चारा नव्हता," ती म्हणाली. "होळीनंतर ढोरं ईकी टाकात."

तिनं घडा उचलला नाही. तो तिथेच सोडून ती गावाकडे चालू लागली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी करणसिंगांनी गावाला कोठीसमोर बोलावलं. फौजदारानं रेंग्यालाही आणलं होतं, दोर बांधूनच. रतिलाल आला. सुरुपसिंग दाराला पाठ लावून उभा होता, सोमीबाई बायकांच्या घोळक्याच्या पुढे. करणसिंग अहिराणीत बोलले, म्हातारे पौलसकडून ते आपल्या बोलीत समजून घेत होते.

ते म्हणाले ते असं. दोघी भाकरीनं मेल्या, कारण भाकरीचा तुकडा खाल्लेल्या कोंबड्याही मेल्या. घरातली सोमलाची पुडी उघडलीच नव्हती. तेव्हा विष घरात घातलेलं नाही, ते दाण्याबरोबर आलं. दाणे कोठीतले, सुपात राख होती. ते पौलसनं दिले.

गर्दीत कुजबुज उठली. पौलस मान खाली घालून पुढे आला आणि उभा राहिला.

"पौलसनं विष घातलं नाही," करणसिंग म्हणाले. "त्याच्या हातचं आधी दोन घरांनी खाल्लं, त्यांना काही झालं नाही; या खेपेला अंधारात त्यानं दारात आडवी आलेली कणगी उपसली. आणि मंगळीला मारायचं कोणाच्याच मनात नव्हतं. दाणे कोणाच्या घरी जातील हे पौलसशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. ते विष जो कोणी बियाणं नेईल त्याच्यासाठी होतं."

रतिलाल चुळबुळला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"कोठी बुडावी असं ज्याला वाटतं, तो काय करील? सगळ्या कणग्यांत घालील. निदान कोणाच्याही कणगीत घालील. पण इथे एकाच कणगीत घातलं. ती कोपऱ्यातून ओढून दारात आणली, म्हणजे चोराचा हात तिच्यावरच पडेल. बाकीच्यांचं बी चोख राहिलं. हे कोठीच्या शत्रूचं काम नाही. कोठीवर ज्याचा जीव आहे, त्याचं आहे. त्यानं दुसऱ्याच्या दाण्याला धक्का लावला नाही. स्वतःची कणगी वापरली."

रेंग्यानं सासऱ्याकडे पाहिलं.

"सुरुपसिंग," करणसिंग म्हणाले, "पोर मेल्याचं कळल्यावर तू आधी इथे आलास. कणगी रिकामी केलीस, आतून सारवलीस. मग पोरीपाशी गेलास. दाणे कुठे टाकलेस?"

सुरुपसिंगनं कोठीमागच्या उकिरड्याकडे हनुवटी केली.

"पुरी टाकात."

बायकांतून एक हुंदका आला. तो सोमीबाईचा नव्हता.

"बियाणं खावानं नही," सुरुपसिंग म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "लिखेल शे. बियाणं म्हणजे जेवण नही. मी कोणना ताटमा इख टाकं नही. कणगीमधला दाणा कमी व्हई ऱ्हायनात, मी दखी ऱ्हायनू व्हतू. कोणी थांबे ना. मी मन्हा दाणासमा टाकं. मन्ही वस्तू, मन्ही कणगी. जो नियम मोडी तो मरी. मी नियम नही मोडा."

"शब्द तू सरळ वाचलेस," करणसिंग म्हणाले. "आम्ही वकीलही आधी सरळच वाचतो. पण सरळ वाचता वाचता दाराशी प्रेत आलं, तर तिथे थांबतो आणि म्हणतो, लिहिणाऱ्याच्या मनात हे नव्हतं. आमच्या कायद्यात त्यालाच सोन्याचा नियम म्हणतात. इथे लिहिणाऱ्यांत मी होतो, सुरुपसिंग. माझ्या मनात हे नव्हतं." ते एक पाऊल पुढे गेले. "बरं, चोरासाठी ठेवलं असं धरू. पण त्या दिवशी उजाडल्यावर तुला कळलं होतं. तरी तू या पोराकडे बोट केलंस. तो फाशी गेला असता."

आता पहिल्यांदा सुरुपसिंगनं रेंग्याकडे पाहिलं.

"मी बोलतू, तर सरकार कोठीले कुलूप लावतं. पेरणी जाती. आख्खं गाव खाले उतरतं, जसं आम्ही उतरनूत. पोर तर गयीच व्हती. रेंग्या एक शे. गाव मोठं शे."

सोमीबाई घोळक्यातून बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"मंगळी तुम्हनाकडे उनी व्हती ना? पहिले तुम्हनाकडेच उनी व्हती. दाणा मागाले."

"उनी व्हती."

"काय सांगं तिले?"

"पाटी दखाडी."

"तिले वाचता येत नव्हतं," सोमीबाई म्हणाली.

सुरुपसिंग दाराला घासत खाली बसला, आणि फौजदारानं रेंग्याच्या हाताचा दोर सोडून त्याच्याकडे नेला तेव्हा त्यानं आपणहून मनगटं पुढे केली.

८

धुळ्याच्या सेशन कोर्टानं पुढे सुरुपसिंगला काळ्या पाण्याची शिक्षा दिली. विष कोणासाठी होतं यावर वाद झाला. त्याच्या वकिलानं कायद्याची कलमं वाचली. पण दुसऱ्याला फासावर जाऊ दिलं असतं हे सुरुपसिंगनं स्वतःच सांगितलं.

पौलसनं किल्ली गावाला परत केली. तो रविवारी प्रार्थनेला जाई, मागे बसे आणि लवकर उठून येई. त्याला कोणी दोष दिला नाही. त्याचा त्याला जास्त त्रास होत असावा.

सरकारनं कोठीला कुलूप लावलं नाही. करणसिंगांनी मामलेदाराकडे खेपा घालून तेवढं केलं. मग पेरणीआधी गावाची बैठक झाली, पहिलीच. आतल्या कणग्यांतलं बी चोख आहे हे सगळ्यांना माहीत होतं, दोन घरांनी ते खाल्लंही होतं. उपाशी घरांना त्यातलं थोडं द्यावं आणि उरलेलं पेरावं, असं ठरलं. पण वाटायची वेळ आली तेव्हा कोणी पुढे येईना. आया पोरांचे हात धरून मागे सरकल्या. एक म्हातारा म्हणाला, हे पेरलं तर जमीनही मरेल. करणसिंगांनी समजावलं, रागावले, शेवटी म्हणाले, आधी कोंबडीला घालून बघू.

"कोंबडीनं काय करेल शे कोणनं?" सोमीबाई म्हणाली.

ती आत गेली आणि पदरात ज्वारी घेऊन आली. पौलसच्या कणगीतली. ती आपल्या घराकडे वळली नाही. रेंग्याच्या झोपडीकडे चालू लागली, आणि गाव लांबून तिच्या मागे गेलं.

रेंग्या दारात बसला होता. सुटून आल्यापासून तो स्टेशनवर गेला नव्हता. चूल त्यानं पेटवली नव्हती, शेजारी देतील ते खायचा, बहुतेकदा खायचा नाही. सोमीबाईला पाहून तो उठला आणि दार अडवून उभा राहिला.

ती पदर धरून उन्हात उभी राहिली. जिनं त्याच्या बायकोला जन्म दिला ती हीच बाई, आणि जिच्या घरातून ते विष निघालं ती हीच. रेंग्यानं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग तो दारातून बाजूला झाला.

तिनं ज्वारी पाखडली. जात्यावर बसली. त्या जात्यावर मंगळीनंच शेवटचं दळलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. घरघर सुरू झाली तसा रेंग्या कुडाकडे तोंड करून बसला. तिनं चूल पेटवली, पीठ मळलं, भाकरी थापली. अंगणात लोक उभे होते.

भाकरी फुगली तशी तिनं ती उतरवली आणि दारात आणली. सगळ्यांना दिसेल अशी बसली. अर्धी मोडली आणि खायला लागली. घाई न करता, प्रत्येक घास नीट चावून. करणसिंगांना तिचा गळा हलताना दिसत होता. एकदा ती थांबली, डोळे मिटले, आणि पुन्हा चावू लागली.

अर्धी संपली. ती तशीच बसून राहिली. ऊन अंगणातून कुडावर चढलं. तिला काही झालं नाही.

रेंग्या उठला. तिच्यासमोर येऊन बसला आणि त्यानं हात पुढे केला.

"दे, माय," तो म्हणाला.

तिनं उरलेली भाकरी त्याच्या हातावर ठेवली.